शेजारच्या सीटवरचा ब्रेक

शहरात त्यांना सगळे ब्रेकताई म्हणत. नाव इतकं जुनं झालं होतं की त्यात कुणाला गंमतही वाटेनाशी झाली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोटाळा केला की शेजारच्या सीटवरून तो दाबायचा. ब्रेकताईंनी तो इतक्या वेळा दाबला होता की शहरातले कितीतरी संसार, बऱ्याच दुकानांच्या काचा आणि चौकातली टपालपेटी ही सगळी त्यांच्या उजव्या पायाची कृपा होती. त्या पायाला विश्रांती ठाऊक नव्हती. घरी टीव्हीवर एखादी गाडी वेगाने वळणावर आली तरी समोरचं टेबल हलत असे.

मग साथ आली, तिच्यामागून टाळेबंदी आली आणि पायाला सक्तीची रजा मिळाली.

टाळेबंदीत उघडं राहायची परवानगी औषधं, दूध आणि भाजी यांनाच होती. औषधं विकायला परवाना लागतो, दुधाला जनावर लागतं. भाजीला फक्त तराजू लागतो. तेव्हा फोटोग्राफर टोमॅटो विकू लागला, शिकवणीचे सर कांदे विकू लागले, लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्यांनी भोपळे काढले. पुढे पुढे विकणारे तेच घेणारे झाले. फोटोग्राफर सरांचे कांदे घेई, सर फोटोग्राफरचे टोमॅटो घेत, आणि दोघांनाही धंदा चालल्याचा भास होई. शास्त्रात यालाच उलाढाल म्हणतात.

ब्रेकताईंचा नवरा मेकॅनिक. रस्त्यावर गाड्याच नाहीत तर बिघडणार काय? दोघांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या तीन गाड्यांपैकी दोन विकल्या गेल्या होत्या. उरली ती सगळ्यात जुनी, डाव्या दाराला पोचा आलेली, ब्रेकताईंची पहिली गाडी. मेकॅनिकची नजर आता तिच्यावर होती.

"मागची सीट काढली की क्रेट मावतात," तो म्हणाला. "आणि पुढे तुझ्या पायाशी तो ब्रेक आहे ना, तो काढला की कोथिंबिरीला जागा होते."

"माझ्या ब्रेकच्या जागी कोथिंबीर?"

"कोथिंबिरीला गिऱ्हाईक आहे. ब्रेकला आहे का?"

"अहो, आज ना उद्या स्कूल उघडेलच की."

"महिनाअखेरपर्यंत थांबतो. नाही उघडलं तर एक तारखेला मी पाना घेऊन गाडीखाली. मग ओरडायचं नाही."

"ब्रेकला हात लावलात तर ओरडणारच."

"ते रोजचंच आहे," मेकॅनिक म्हणाला आणि पाना शोधायला गेला. पाना त्याच्या खिशातच होता.

अशात एके सकाळी साहेबांच्या कचेरीतून फोन आला.

साहेब म्हणजे शहराचे प्रशासक. काय उघडायचं, काय बंद ठेवायचं, हे तेच ठरवत आणि रोज संध्याकाळी भोंगा लावलेली गाडी त्यांचा आदेश गल्लोगल्ली वाचून दाखवत फिरे. माणूस अतिशय शिकलेला आणि त्याहून प्रामाणिक. त्यांचा दोष एवढाच, की त्यांना दोन्ही बाजू पटत. डॉक्टर येऊन सांगत, साहेब, उघडलंत तर माणसं मरतील. साहेबांना पटे. व्यापारी येऊन सांगत, साहेब, बंद ठेवलंत तर माणसं मरतील. तेही पटे. मग साहेब सकाळी उघडत आणि संध्याकाळी बंद करत, आणि रात्री पित्ताची गोळी घेत.

त्यांचा ड्रायव्हर सुट्टीवर गेला होता तो हद्दीपलीकडे अडकला. हद्द साहेबांनीच बंद केलेली. स्वतःचा आदेश मोडून स्वतःचा ड्रायव्हर आणणं त्यांच्या तत्त्वात बसेना, आणि हाताखालच्या माणसाला ड्रायव्हर म्हणून राबवणं त्यांच्या स्वभावात बसेना. तेव्हा त्यांनी स्वतःच गाडी शिकायचं ठरवलं. ड्रायव्हिंग स्कूल त्यांच्याच आदेशाने बंद. त्यावरही कचेरीने तोडगा काढला. ब्रेकताईंना एक पास मिळाला. त्यावर लिहिलं होतं, 'अत्यावश्यक सेवा'.

"कसली सेवा?" नाक्यावरच्या हवालदाराने पहिल्या दिवशी विचारलं.

"क्लच," ब्रेकताई म्हणाल्या. हवालदाराला ते एखाद्या औषधाचं नाव वाटलं असावं. त्याने अदबीने अडथळा बाजूला केला.

साहेब आपल्या बंगल्याच्या फाटकाशी उभे होते. मास्क, त्यावर दुसरा मास्क, हातमोजे. गाडीत बसल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, डावा ब्रेकवर ठेवला आणि दोन्ही एकदम दाबले. इंजिन किंचाळलं. गाडी जागची हलली नाही.

"एका वेळी एकच!" ब्रेकताई ओरडल्या. शिकणारा कुणीही असो, गाडीत त्यांचा आवाज एकच असे. "दोन्ही दाबून गाडी कुठे जाणार? कुठेच जात नाही, नुसतं पेट्रोल जळतं!"

साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ते बघणं ब्रेकताईंना नंतर आठवलं. गाडी शिकणारा माणूस असा बघत नाही. प्रवचन ऐकणारा बघतो.

"आणि क्लच एकदम सोडायचा नाही," त्या पुढे म्हणाल्या. "एकदम सोडला की आचका देऊन बंद पडते. थोडा सोडा, गाडी हलली असं वाटलं की थांबा, मग थोडा आणखी. पहिला गिअर नीट पडल्याशिवाय दुसऱ्याचं नाव काढायचं नाही."

"थोडा सोडा, थांबा, मग आणखी," साहेब पुटपुटले. "मॅडम, तुम्ही फार मोठी गोष्ट बोललात."

"मोठी कसली? क्लच म्हणजे क्लच. तो दाबा आधी."

त्या संध्याकाळी भोंग्याची गाडी आली. आतला कारकून घसा खाकरून वाचू लागला, "नागरिकांना कळवण्यात येते की, उद्यापासून शहर पहिल्या गिअरमध्ये राहील. किराणा, स्टेशनरी व चष्म्याची दुकाने अर्धा दिवस उघडतील. नागरिकांनी क्लच एकदम सोडू नये."

गल्लीतल्या लोकांनी खिडकीतून एकमेकांकडे बघितलं. ब्रेकताईंच्या हातातला कप तसाच राहिला.

"अहो," त्या मेकॅनिकला म्हणाल्या, "ही माझी सकाळची शिकवणी आहे."

दुसऱ्या दिवशी खात्री पटली. सकाळी त्यांनी साहेबांना आरसे शिकवले. पुढे बघा, पण मागचंही लक्षात ठेवा. संध्याकाळी आदेश निघाला, मागच्या पंधरवड्याचे आकडे फलकावर लावावेत. तिसऱ्या दिवशी इंडिकेटर शिकवला; वळायच्या आधी सांगावं. संध्याकाळी भोंगा म्हणाला, यापुढे प्रत्येक बदलाची सूचना एक दिवस आधी देण्यात येईल. आता हा आदेश खरोखर चांगला होता, आणि ब्रेकताईंना आपण शहर चालवतो आहोत असं पहिल्यांदाच वाटलं. माणसाला असं वाटायला लागलं की त्याच्या पायाशी ब्रेक असलेला बरा. पण तो त्यांच्याच पायाशी होता, हीच पंचाईत.

मेकॅनिकच्या पोटात गोष्ट राहत नसे. त्याने ही बातमी बूटवाल्या काकांना सांगितली आणि कुणाला सांगू नका म्हणाला, म्हणजे जाहिरातीचा खर्च वाचला. बूटवाले काका समोरच्या दुकानांच्या रांगेतले. वर्षानुवर्षं लोकांच्या पायाशी बसून त्यांचा स्वभाव मऊ झाला होता, पण दुकानाला कुलूप लागल्यापासून त्यालाही घट्टे पडले होते. ते ब्रेकताईंकडे आले आणि दारातच उभे राहिले.

"ताई, पायताणांना बुरशी यायला लागली हो. लोक घरात अनवाणी फिरतात. उद्या साहेबांना जरा टॉप गिअर दाखवा ना."

"अजून तिसऱ्यात चाचपडतायत, काका."

"चाचपडू दे. हमरस्ता मोकळा आहे. एकदा वाऱ्याची चटक लागली की माणूस मागे बघत नाही."

"अगं, त्यापेक्षा सरळ आपल्या स्कूलचंच विचार की," मेकॅनिक म्हणाला.

"स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाकडे काही मागायचं नाही. त्याचे हात कापतात." हा ब्रेकताईंचा जुना नियम. फी सुद्धा त्या गाडी बंद झाल्यावर मागत.

त्यांची नणंद सरकारी दवाखान्यात परिचारिका. ती माडीवरच्या खोलीत वेगळी राहत होती, ताट जिन्यावर ठेवायला लावी आणि जिन्यावरूनच बोले. सगळं ऐकून ती म्हणाली, "वहिनी, एक लक्षात ठेव. वॉर्ड रिकामा होतोय. रिकामा झालेला नाही."

"वन्सं, अर्धा महिना संपला."

"तो काय, दर महिन्याला संपतोच."

ब्रेकताई रात्री कूस बदलत राहिल्या. एका कुशीवर कोथिंबीर होती, दुसऱ्या कुशीवर वन्सं. सकाळी त्या उठल्या त्या कोथिंबिरीच्या कुशीवरून.

हमरस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. साहेबांनी तिसरा टाकला, मग ब्रेकताईंनी चौथा सांगितला, मग पाचवा. गाडी सुटली. साहेबांचा वरचा मास्क फडफडायला लागला आणि त्याच्याखाली ते, शहराचे प्रशासक, चक्क हसत होते.

"मॅडम, हे इतकं सोपं आहे?"

"मोकळ्या रस्त्यावर आहे," ब्रेकताई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्या नेहमी ठासून सांगत: रस्ता मोकळा आहे तो गाड्या नाहीत म्हणून, तुम्हाला येतं म्हणून नाही. ते वाक्य त्या दिवशी त्यांनी गिळलं.

संध्याकाळी भोंग्याच्या आवाजालाही तरतरी होती. उद्यापासून सर्व दुकाने, सर्व वेळ. शहर टॉप गिअरमध्ये.

दुसऱ्या दिवशी बाजारात मुंगीला वाट नव्हती. स्कूल दुकानात मोडत नव्हतं, पण आता तेही उघडेल म्हणून ब्रेकताई पाटी पुसायला गेल्या आणि पाटीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. इतके दिवस घरात कोंडलेला माणूस बाहेर पडल्यावर काय घेतो? काहीही घेतो. एक बाई पडदे घेत होती, आणि तिच्या घराला पडदे होते. काकांच्या दुकानात लोक एकमेकांच्या खांद्यावरून पाय पुढे करत होते, काका स्टुलावर उभे राहून, मास्क हनुवटीवर ओढून, "रांग! रांग!" ओरडत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त दिसत होतं. शेजारी कुणीतरी खोकलं. गर्दी एका बाजूला सरकली आणि दुसऱ्या बाजूला तितकीच दाट झाली.

ब्रेकताईंचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. समोर काही थांबलं नाही.

वन्सं घरी आली तीही बाजारातूनच. जिन्यावर बसून तिने मास्क काढला. नाकावर त्याची खूण तशीच होती. "छान गर्दी आहे," ती म्हणाली. "चेहरे बघून ठेवले. आठवडाभराने ओळखायला बरं."

ती एवढंच बोलली. ओरडली असती तर ब्रेकताईंना बरं वाटलं असतं. ओरडण्याची त्यांना सवय होती.

दुसऱ्या सकाळी त्यांनी साहेबांना दुसरं काही शिकवलंच नाही. "आज आपत्कालीन ब्रेक," त्या म्हणाल्या. "धोका दिसला की विचार करायचा नाही. दाबायचा!" साहेबांनी दाबला. दोघांची कपाळं काचेपर्यंत जाऊन आली. भोंगा संध्याकाळपर्यंत थांबलाच नाही. दुपारीच बाजारात शिरला आणि सगळं जागच्या जागी बंद करवून गेला. काकांच्या दुकानाचं शटर अशा घाईत पडलं की एका गिऱ्हाइकाचा उजवा पाय नव्या बुटात बाहेर होता आणि त्या पायाचा जुना बूट आत होता. तो माणूस तसाच घरी गेला.

सुंठीवाचून खोकला गेला असता तर गोष्ट वेगळी. इथे सुंठ संपली आणि खोकला घरोघरी पोहोचला असावा, अशी सगळ्यांना धास्ती. संध्याकाळी काका आले. आज ते दारात उभे राहिले नाहीत, पायरीवर बसले.

"ताई, एक दिवस मरणाची विक्री, दुसऱ्या दिवशी शटर. बंद होतं तेव्हा निदान सवय झाली होती. हे असे हिसके बसले की पोटातलं ओठांवर येतं हो."

हिसके. हा शब्द ब्रेकताईंच्या गाडीतला होता. नवशिक्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेला माणूस जसा पांढराफटक पडतो, तसे काका दिसत होते. सगळं शहर मागच्या सीटवर बसलं होतं, साहेब चालवत होते आणि रस्त्याकडे न बघता शेजारी बघत होते. हा आजार ब्रेकताईंच्या ओळखीचा होता. सारखं बोलणाऱ्या मास्तराचा शिष्य कधीच रस्ता बघत नाही, मास्तराचं तोंड बघतो. त्याला मास्तर बदलून उपयोग नसतो. मास्तराने तोंड मिटायचं असतं.

जन्मात त्यांना ते जमलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी गाडी दवाखान्याच्या चढाखाली थांबवायला लावली. हा चढ शहरातल्या प्रत्येक शिकणाऱ्याला घाम फोडे. अर्ध्यावर थांबायचं आणि पुन्हा निघायचं. क्लच कमी सुटला तर गाडी मागे येते, जास्त सुटला तर बंद पडते. साहेबांनी गाडी अर्ध्यावर नेली, हँडब्रेक ओढला आणि सवयीप्रमाणे मान वळवली.

ब्रेकताईंनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसल्या.

"मॅडम, तुमचा ब्रेक?"

त्यांनी समोर बोट दाखवलं.

"आता सोडू का?"

उत्तर नाही.

"मॅडम, सोडू की नको? तुम्ही सांगा ना. निदान हो किंवा नाही?"

ब्रेकताईंच्या ओठांशी निदान दहा वाक्यं आली होती आणि तेवढेच अपशब्द. त्यांनी ते मास्कच्या आत ठेवले. साहेबांनी हँडब्रेक सोडला. गाडी मागे आली. साहेबांनी "अहो!" म्हणून ब्रेक दाबला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या पायाखालचा होता. पुन्हा प्रयत्न केला, गाडी बंद पडली. घाम पुसला. तिसऱ्या वेळी त्यांनी शेजारी बघितलं नाही. समोर बघितलं. क्लच हळूहळू वर आला, इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं गेलं, आणि साहेब तिथेच थांबले, ऐकत, पाय धरून. मग त्यांनी उरलेला सोडला. गाडी चढाला लागली.

वर दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली. फाटकातून रात्रपाळी संपवून वन्सं बाहेर येत होती. मांडी घालून बसलेली वहिनी बघून ती थबकली. "काय गं, बरं नाही का?"

"आज बोलत नाहीयेत त्या," साहेब उतरून म्हणाले, आणि लांबूनच विचारलं, "सिस्टर, वॉर्ड कसा आहे?"

"परवाच्या बाजाराचं आजच कळणार नाही साहेब, पुढच्या आठवड्यात कळेल. बाकी आधीपेक्षा बरा. आकडे रोज तुमच्या टेबलावर येतात की. वाचता ना?"

"वाचतो. पण काय करायचं ते त्यात लिहिलेलं नसतं."

"ते तुम्हालाच ठरवायचं असतं ना?" वन्सं म्हणाली. तिला झोप आली होती, आणि झोप आलेली माणसं फार स्पष्ट बोलतात. "काहीतरी एक उघडा, मग जरा दम धरा, आमच्याकडे काय येतं ते बघा, मग दुसरं. रोज नवं काहीतरी करू नका. आम्हाला कळतच नाही कशामुळे काय झालं."

साहेब खाली चालत निघणार होते. मग आठवलं, गाडी त्यांनाच न्यायची आहे.

आठवडाभर भोंगा गप्प होता. तेवढ्यानेच शहराला अर्धं बरं वाटलं. बाजाराने दिलेले आजारी दवाखान्यात आले. भीती होती तितके नाहीत, पण कुणाला 'बघा, काही झालं नाही' म्हणता येईल इतके कमीही नाहीत. त्यांत स्टुलावर उभे राहणारे काकाही होते. चार दिवस ऑक्सिजनवर राहून परत आले आणि सांगत सुटले की वॉर्डातल्या त्या पोरीने माझा चेहरा खरंच लक्षात ठेवला होता. वॉर्ड पुन्हा निवळला तेव्हा आदेश निघाला. पहिल्यांदाच त्यात ना गिअर होता ना क्लच. या आठवड्यात ही दुकानं, इतकीच माणसं आत. वॉर्ड बघून मग ती. प्रत्येक पायरीला तारीख नव्हती, अट होती. काकांचं दुकान पहिल्या पायरीवर होतं.

कारकुनाने शेवटचा परिच्छेद वाचला. "ड्रायव्हिंग स्कूल सर्वांत शेवटी. कारण बंदिस्त गाडीत शिकवणारा व शिकणारा फार जवळ बसतात, आणि शिकवणारा फार ओरडतो. ही बाब प्रशासनाच्या प्रत्यक्ष अनुभवातील आहे."

गल्ली खदखदून हसली. मेकॅनिक हसला नाही. दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. त्याने खिशातून पाना काढला, शर्टाला पुसला आणि बायकोकडे बघितलं. ब्रेकताई ओरडल्या नाहीत. ते पाहून तो जरा घाबरला, पण सकाळी गाडीखाली शिरला.

रोजची वेळ झाली तरी ब्रेकताई घरीच होत्या. फोन वाजला.

"मॅडम, वाट बघतोय."

"मी कशी येऊ साहेब? ड्रायव्हिंग स्कूल बंद आहे. तुमचाच आदेश, आणि पास त्याच्या आधीचा."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. साहेब स्वतःचा आदेश वाचत होते. "बरोबर आहे," ते खिन्नपणे म्हणाले. "पण मॅडम, मला रिव्हर्स येत नाही."

"नाही शिकवला अजून."

"माझी सरकारी गाडी पोर्चमध्ये आहे. ड्रायव्हरने जाताना ती भिंतीकडे तोंड करून लावली होती. पुढे भिंत आहे."

ब्रेकताईंना हसू आवरेना, पण फोनवर ते दिसत नाही. एरवी स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाकडे काही मागायचं नाही, हा नियम. पण साहेब आता खुर्चीवर बसले होते.

"साहेब, तुमचं कारण खोटं नाही. जवळ बसतो, ओरडते, कबूल. पण चारही काचा खाली असतील, दोघांना मास्क असेल, आणि मी गप्प असेन तर?"

"तुम्ही? गप्प?"

"चढावर मी एक शब्द तरी बोलले का?"

साहेब विचारात पडले. "नाही बोललात," ते म्हणाले. "आणि गाडी गेली." ब्रेकताईंना वाटलं, आता ते हो म्हणणार. पण साहेब म्हणाले, "थांबा. आधी वॉर्डात विचारतो," आणि फोन ठेवला.

हे ऐकून कुणाही शिकवणाऱ्याला वाटावं तेच ब्रेकताईंना वाटलं. शिष्य तयार झाला की त्याच्याबद्दल अभिमान वाटतो आणि त्याचा राग येतो. त्यांना दोन्ही आलं. त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. गाडीखालून मेकॅनिकचे पाय दिसत होते.

"नट गंजलाय," आतून आवाज आला. "निघता निघत नाहीये."

"निघू नका म्हणावं त्याला."

फोन दुपारी आला. ब्रेकताईंनी ऐकला, ठेवला आणि वाकून गाडीखाली म्हणाल्या, "अहो, घट्ट करा परत."

"काय?"

"नट. घट्ट करा. आणि कोथिंबिरीला सांगा, दुसरी जागा बघ."

गाडीखाली पाना जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग मेकॅनिक म्हणाला, "बरं झालं बाई. तसाही तो सुटत नव्हताच." तो खरं बोलत होता की नाही हे त्याने पुढे कधी सांगितलं नाही. मात्र त्या नटावर गंज नव्हता, तेल होतं, हे ब्रेकताईंनी नंतर स्वतः वाकून बघितलं.

संध्याकाळी भोंगा आला. सुधारित आदेश: सोमवारपासून ड्रायव्हिंग स्कूलना परवानगी, गाडीत दोघेच, काचा पूर्ण खाली, मास्क, वॉर्ड भरल्यास परवानगी मागे. शिकवणाऱ्याने शक्यतो शांत राहावे.

सोमवारी पहिले शिकणारे म्हणून बूटवाले काका आले. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी ठरवलं होतं, जगलो तर गाडी शिकायची. दुकानातला सगळ्यात भारी नवा बूट घालून ते बसले, मास्क नाकाच्या वर चढवला, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, डावा ब्रेकवर ठेवला आणि दोन्ही एकदम दाबले.

ब्रेकताईंनी खोल श्वास घेतला. आदेश आठवला. चढ आठवला. चारही काचा खाली होत्या.

"एका वेळी एकच!"

तो आवाज नाक्यावरच्या हवालदाराने ऐकला, एकट्यानेच रिव्हर्स शिकून फाटकातून उलटी गाडी काढणाऱ्या साहेबांनी ऐकला आणि माडीवर दिवसा झोपलेल्या वन्संनेही ऐकला. ती कूस बदलून पुटपुटली, उघडलं म्हणायचं, आणि पुन्हा झोपली. साहेबांनी मात्र आवाजाच्या दिशेला बघितलंसुद्धा नाही. ते मागे बघत होते.